शेतात ससे येतात. क्लच वायरचा फास लावू की कुत्री सोडू?

गगनबावडा रस्त्याला शेत घेतलंय, सोयाबीनचे कोंब रातोरात गायब होतात आणि बॅटरी मारली की ससा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर: दोन्ही नको. फास तर नकोच नको.

आमचं रान पन्हाळ्याच्या बाजूला, वर माळ आणि खाली ऊस. १९९९ च्या पावसाळ्यात आमचंही असंच झालं. सोयाबीन चार पानांवर आलं आणि सरीच्या सरी बोडक्या दिसायला लागल्या. थोरला भाऊ म्हणाला, "ससाच हाय त्यो." गॅरेजमधून जुनी क्लच वायर आणली आणि कुंपणाला जिथं बोळ पडला होता तिथं वीतभर उंचीवर फास लावला. मी नको म्हणत होतो, पण मी धाकटा.

पहाटे केकाटणं ऐकू आलं. फासात आमचीच कुत्री, चिंगी. पुढचा पाय आत, आणि ती जितकी ओढायची तितकी वायर आवळायची. पक्कड आणेपर्यंत वायर हाडापर्यंत गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय काढला. पुढं नऊ वर्षं ती तीन पायांवर अख्ख्या रानातून हिंडली, पण कुंपणाच्या त्या बाजूला कधी गेली नाही.

त्या दिवशी मी सऱ्यांतून वाकून फिरलो. ससा कोंब खातो तेव्हा विळ्यानं तिरका कापल्यासारखा स्वच्छ छाट दिसतो. असे छाट माळाकडच्या दोनच सऱ्यांत होते. बाकी सगळीकडं देठ ओढून तोडलेले, काही मुळासकट उपटलेले. शिवाय लेंड्या. सशाची लेंडी गोल, जराशी चपटी, वाळलेली. फोडली तर आत गवताचा भुसा. आमच्या सरीत पडलेल्या लांबट, काळ्या, तुळतुळीत. शेरडाच्या. आता घरात शेरडं कुणाची? दादाची. हे मी तेव्हा सांगितलं तर दोन दिवस जेवणावर अबोला. परवा भाच्याच्या लग्नात पुन्हा विषय निघाला, तरी ते म्हणाले, "ससाच हुता."

खोटं कशाला बोलू, लहानपणी मी सशाचं मटण खाल्लंय. चुलते वाघूर, म्हणजे ससे धरायचं जाळं, लावायचे, पोरं डबे बडवत हाकायची, मीही त्यात होतो. म्हणून मला दयेचा पुतळा समजू नका. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आज ही शिकार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्री सोडून मारलात तरी शिकारच. "आमच्या कोल्हापुरात चित्ते पाळून काळविटं मारायचे" असं कुणीतरी चावडीवर ऐकवेलच. मारायचे, खरंय. ते संस्थानचे राजे होते, तुमच्या नावावर सव्वा एकर आहे.

आणि आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही. गवताच्या बुडख्यात जागा दाबून दिवसभर बसतो, रात्री चरायला उतरतो. तेव्हा बिळं शोधून धूर करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्यात घूस सापडेल. भांगलताना पिलू दिसलं तर तिथंच राहू द्या. आई रात्री पाजायला येते.

हां, ससा अजिबात नुकसान करत नाही असं मी म्हणत नाही. भाजीपाला, उसाची कोवळी लागण, नवी आंब्याची कलमं यांना तो खरंच त्रास देतो. तिथं तीन फुटी बारीक जाळी लावा, खालची वीतभर मातीत गाडा. कलमांना बुंध्याभोवती जाळीचं नळकांडं पुरतं. सोयाबीनला मात्र एवढा खर्च परवडत नाही. कडेच्या दोन सऱ्या गेल्या तर जाऊ द्यायच्या. तारेत करंट सोडायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढा, त्यात माणसं मेलीत.

पण जाळी आणायच्या आधी सऱ्यांत वाकून छाट आणि लेंड्या बघा. आणि शेजाऱ्याची शेरडं दुपारी कुठं चरतात, तेवढं चार दिवस नजरेखाली ठेवा.