आजीचं घर, हॉस्टेल की बाहेरची खोली?

मस्कतहून एका आईने विचारलं आहे. मुलाला बेळगावात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, कॉलेज उद्यमबागेत. आजी शहापुरात एकट्या राहतात, वरचा मजला रिकामा आहे. हॉस्टेल घ्यायचं, टिळकवाडीत खोली बघायची, की आजीकडेच ठेवायचं? मुलाचे वडील म्हणतात, घर असताना हॉस्टेलचे पैसे कशाला?

ताई, पहिलं वर्ष हॉस्टेल आणि शनिवार-रविवार आजीकडे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचा मुलगा बाहेर वाढला, कन्नड त्याच्या कानावर फारसं पडलेलं नाही. आजींच्या गल्लीत दूधवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळे त्याच्याशी मराठीतच बोलतील. ते सुखाचं आहे, पण मग चार वर्षं राहूनही त्याला बसची पाटी वाचता येणार नाही. हॉस्टेलच्या खोलीत गोकाकचा नाहीतर विजापूरचा सोबती मिळाला, तर महिन्याभरात ‘ऊट आय्ता?’ म्हणून जेवणाची चौकशी करायला शिकेल. १ नोव्हेंबरला या शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी माणूस काळा दिन पाळतो. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हा काय झालं, ते आजी त्याला सांगतीलच, आणि सांगायलाच हवं. खोलीतला सोबती त्याची बाजू सांगेल. दोन्ही घरांत जेवलेला मुलगा दोन्ही ऐकून घेऊ शकतो.

अभ्यासाचंही तसंच. इंटर्नल्सच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांच्या, आदल्या रात्री ज्याला गणित कळलेलं असतं तो दोन खोल्या पलीकडे असतो. शहापुरातल्या वरच्या मजल्यावर तो नसतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आजींची वाटते. माझा भाचा माझ्याकडे दोन वर्षं शिकायला होता, तेव्हा मी पन्नाशीची होते. तो लायब्ररीतून उशिरा यायचा, मी जागी. आमटी पुन्हा गरम करायची, पुन्हा झाकायची. ‘मावशी, तू झोप की गं,’ म्हणायचा बिचारा. मला झोप यायची नाही, आणि माझ्यासाठी म्हणून तो लवकर उठून यायला लागला. दोघंही प्रेमापोटीच एकमेकांना अडवत होतो. आजींच्या वयाला हे जागरण नको. आणि मनात कुठेतरी ‘आईला रात्रीची सोबत होईल’ असा हिशेब असेल, तर तो आजच वेगळा करा. सोबत हवी असेल तर रात्रीला एखादी बाई ठेवा. अठरा वर्षांच्या मुलावर ते ओझं न सांगता टाकू नका.

हॉस्टेलमध्ये जागा घेताना फी वर्षाची एकदम भरायची का, मध्येच सोडलं तर परत किती मिळते, दुसऱ्या वर्षी जागा नक्की का, हे लेखी विचारा. मेस सक्तीची आहे का, तेही. रॅगिंगची भीती तुम्ही लिहिली आहे. यूजीसीच्या २००९च्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही दर वर्षी रॅगिंगविरोधी हमीपत्र द्यावं लागतं. ते नुसतं सही करून टाकू नका, मुलासोबत वाचा. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून द्या.

दुसऱ्या वर्षी मित्र जमले की तो स्वतःच खोलीचं काढेल. तेव्हा अडवू नका. पण खोली भर पावसात, जुलैत बघायला सांगा. बेळगावचा पाऊस भिंतीतून बोलतो. उन्हाळ्यात चुना मारलेली खोली जुलैत हिरवी पडते. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते मालकाला नाही, शेजारणीला विचारायचं. भाडेकरार बहुतेक ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावा लागतो. ॲडव्हान्स दिला की पावती घ्यायची, आणि राहायला जाण्याआधी भिंतींचे, नळांचे फोटो काढून ठेवायचे. मटण-मासे चालतात का, हेही आधीच विचारलेलं बरं. त्यावरून वर्षाच्या मध्यात खोली सोडावी लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

ज्यांच्या मुलांचा पासपोर्ट परदेशी आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: मूल राहायला आलं की २४ तासांच्या आत घरमालकाने किंवा हॉस्टेलने परदेशी नागरिक राहायला आल्याची माहिती सरकारला कळवायची असते (पूर्वी याला फॉर्म सी म्हणत). हॉस्टेलच्या ऑफिसला ते माहीत असतं, गल्लीतल्या मालकाला बहुधा नसतं. पहिल्या वर्षी हॉस्टेल बरं, याला हेही एक कारण.

मुलींच्या आया विचारतात, त्यांना माझं उत्तर वेगळं नाही. फक्त मुलांच्या आणि मुलींच्या हॉस्टेलच्या गेटच्या वेळा विचारून घ्या. लायब्ररी उघडी असताना मुलींचं गेट बंद होत असेल, तर तक्रार करा, जोरात करा. बसचा खर्च धरताना शक्ती योजनेचा फुकट प्रवास धरू नका. २०२३पासूनची ती सवलत कर्नाटकात राहणाऱ्या स्त्रियांसाठी आहे, तुमच्या मुलीचा पत्ता बाहेरचा असला तर तिकीट काढावं लागेल.

आता आजींना फोन करा, आणि ठरवण्याआधी त्यांना विचारा. वरच्या मजल्यावर त्याची गादी आणि एक दोरी मात्र आत्ताच बांधून ठेवायला सांगा. पावसाळ्यात हॉस्टेलात कपडे वाळत नाहीत, शनिवारी तो पिशवी भरून येणारच.