कंपनीच्या लॅपटॉपवरचा गेम काढला, पण पंखा थांबत नाही

प्रश्न : ताई, मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत अकरा महिन्यांपासून सपोर्टला आहे. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं. मध्यंतरी एक टूल टाकण्यासाठी मला ॲडमिन राइट्स दिले होते, ते नंतर काढलेच नाहीत. गेल्या शनिवारी रात्री मी कंपनीच्या लॅपटॉपवर जीटीए टाकला. विकत घेतलेला नाही, टेलिग्रामवर लिंक मिळाली होती. सोबतच्या सूचनांत ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं लिहिलं होतं, म्हणून तो बंद केला. रविवारी दुपारपर्यंत खेळलो, मग भीती वाटली आणि अनइन्स्टॉल करून टाकला. सोमवारपासून काही उघडलेलं नसतानाही पंखा जोरात फिरतो, लॅपटॉप खालून तापतो. कुणी अजून काही विचारलेलं नाही. मित्र म्हणतो, गुपचूप फॉरमॅट मार. मारू का? कंपनीच्या आयटी विभागाला सांगितलं तर नोकरी जाईल का?
— नाव छापू नये, वारजे

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला मेलवर चार ओळी लिहिल्या होत्या. इथे सविस्तर लिहिते, कारण याच काळजीत असलेले आणखी वाचक असणार.

फॉरमॅट मारू नकोस. लॅपटॉपचं वाय-फाय बंद कर, व्हीपीएन, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी वाट, जोडू नकोस आणि मशीन आहे तसं राहू दे. नंतर फोनवरून, त्या लॅपटॉपवरून नाही, तुझ्या जीमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदल आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ कर. हे दुसरं काम लोक विसरतात. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, गेमसोबत येणारे चोर प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तर नेतातच, पण कुकीजही, म्हणजे तुझं लॉगिन चालू ठेवणाऱ्या छोट्या नोंदीही, नेतात. कुकी हातात असली की समोरच्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही.

गेम काढला म्हणजे सगळं गेलं असं नाही. तू सेटअप ॲडमिन म्हणून चालवलास. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याने गेमच्या फोल्डरबाहेर काय काय ठेवलं, ते अनइन्स्टॉलच्या यादीत येत नाही. रिकाम्या मशीनचा पंखा फिरतो आहे म्हणजे आत काहीतरी चालू आहे. बहुधा तुझ्या प्रोसेसरवर कुणीतरी क्रिप्टो नाणी काढतो आहे. सोबत आणखी काही आलं आहे का, हे घरी बसून तुला कळणार नाही, मलाही नाही. ज्या फाइलला चालण्यासाठी आधी पहारेकरी झोपवावा लागतो, तिच्याबद्दल मला दुसरा पुरावा लागत नाही.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. अँटीव्हायरस बंद झाला, किती वाजता झाला, याची वेगळी नोंद होते. बहुतेक कंपन्यांत ती तुझ्या मशीनवरच राहत नाही, आयटीच्या सर्व्हरलाही जाते. फॉरमॅट मारलास की त्या क्षणापासून लॅपटॉप त्यांच्या यादीतून गप्प होतो, आणि गप्प झालेलं मशीन सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं. शनिवारचा मूर्खपणा समजून घेणारे लोक असतात. त्यानंतर केलेली झाकपाक कुणी समजून घेत नाही.

मी इतकं ठामपणे का सांगते, ते सांगते. २००९ च्या जानेवारीत मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिस्टिम्स सांभाळत होते. आमची सुट्टी गुरुवारची. शुक्रवारी साडेआठला पहिली शिफ्ट बसली आणि कुणालाच लॉगिन होईना, सगळ्यांची अकाउंट लॉक. मी अनलॉक करायची, पाच मिनिटांत परत लॉक. कॉनफिकर नावाचा व्हायरस होता. तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनचे पासवर्ड अंदाजाने मारत बसायचा, त्यामुळे अकाउंट लॉक व्हायची. डिस्पॅचला मालाचं चलान निघेना, चाकणला जायच्या दोन गाड्या गेटवर उभ्या. आम्ही साठ मशीन एकेक करून साफ केली. रात्री अकराला घरी गेले, सकाळी येऊन बघते तर परत तेच. तीन दिवस हे चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्पॅचमधला एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “मॅडम, बुधवारी रात्री मी पेन ड्राइव्ह लावला होता. क्रिकेट ०७ होता त्यात. स्टोअरच्या मशीनलाही लावला.” पेन ड्राइव्ह लावल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात ‘फोल्डर उघडा’ असे दोन पर्याय दिसले होते. दोन्हींपुढे पिवळ्या फोल्डरचंच चित्र, म्हणून त्याने वरचा दाबला. वरचा खोटा होता. तो फोल्डर उघडत नव्हता, व्हायरस चालवत होता. आणि स्टोअरचं ते जुनं मशीन माझ्या यादीतच नव्हतं. तिथूनच सगळं परत परत पसरत होतं. त्याच्या त्या वाक्यानंतर तासाभरात कारखाना चालू झाला.

त्याच्यासोबत खेळणाऱ्या दुसऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला होता आणि तो तीन दिवस आमच्याबरोबर मशीन साफ करत फिरत होता. ज्याने सांगितलं त्याला वॉर्निंग लेटर मिळालं, पुढे सहा वर्षं तो तिथेच होता. मी मात्र त्या दिवशी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. ते माझं चुकलं. सांगायला आलेल्यावर ओरडलं की त्याच्यानंतर कुणी येत नाही. आयटी सांभाळणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा.

तर तू आजच फोनवरून आयटीला आणि तुझ्या मॅनेजरला एकच मेल कर. असा : ‘शनिवारी रात्री अमुक वाजता मी कंपनीच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय एक गेम टाकला. तो क्रॅक केलेला होता. टाकताना अँटीव्हायरस बंद केला होता. रविवारी गेम काढला. सोमवारपासून मशीन विनाकारण तापतं आहे. या काळात मी या या सिस्टिम्सना लॉगिन केलं. आता मशीन नेटवर्कवरून काढलं आहे. चूक माझी आहे.’ टेलिग्रामची लिंकही दे, त्यांना ती फार उपयोगी पडते. ॲडमिन राइट्स काढले नाहीत ही त्यांची हलगर्जी आहे, पण ते या मेलमध्ये लिहू नकोस. ते त्यांचं त्यांना दिसेल.

नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही. रुजू होताना सही केलेल्या कागदांत कॉम्प्युटर वापराची पॉलिसी असते, ती काढून वाच. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे, हेही तुला ठाऊक असावं. पण माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत, आपणहून सांगणाऱ्याची नोकरी एकदाही गेली नाही. आणि बाबांना सांग. आठवडाभर एकट्याने हे ओझं वागवतो आहेस, ते पत्राच्या अक्षरावरूनही कळतं.

खेळायचं असेल तर खेळ, त्यात काही वाईट नाही. दोन-चार पगार साठव आणि स्वतःचं मशीन घे. पुण्यातल्या कॉम्प्युटर बाजारात, तपकीर गल्लीत, एक चक्कर मारून ये.

प्रश्न : मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेला पत्त्यांचा गेम जेवणाच्या सुट्टीत खेळला तर चालेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मशीनला त्याचा काही धोका नाही. सॉलिटेअर विंडोजसोबत १९९० पासून येतो, तुम्ही बाहेरून काही टाकत नाही आहात. पण मुख्याध्यापकांना एकदा विचारून घ्या. न्यूयॉर्कच्या महापौरांनी २००६ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर हाच गेम पाहिला आणि त्याला कामावरून काढलं. सुट्टीतही खिडकीशी दाखल्यासाठी पालक उभे असतात. त्यांना तुमची सुट्टी दिसत नाही, स्क्रीनवरचे पत्ते दिसतात. स्क्रीन खिडकीकडे असेल तर आधी टेबल फिरवून घ्या, फीच्या नोंदीही त्यांना दिसायला नकोत.