मँचेस्टर डर्बीचं (मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी या फुटबॉल सामन्याचं) हॉस्पिटॅलिटी तिकीट, म्हणजे सीटसोबत जेवण-लाउंज असलेलं तिकीट, कुठून घ्यावं? क्लबची मेंबरशिप लागते का?

मेंबरशिप सहसा लागत नाही, पण तिकीट यजमान क्लबच्या वेबसाइटवरून किंवा तिथे नाव असलेल्या अधिकृत एजंटकडूनच घ्या. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे; असं तिकीट क्लब रद्द करू शकतो आणि तुम्ही गेटवरूनच परत. पैसे भरण्याआधी सीट कुठल्या स्टँडमध्ये, जेवण स्टेडियमच्या आत की बाहेरच्या हॉलमध्ये, हे नीट वाचा. ‘हॉस्पिटॅलिटी’ म्हणून कधी कधी साधी सीट आणि एक ड्रिंक गळ्यात मारतात! मात्र तुम्ही पाहुण्या संघाचे चाहते असाल तर हा मार्ग सोडा: यजमानांच्या लाउंजमध्ये तुमची जर्सी, स्कार्फ चालत नाही.