सही करायच्या आधी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

परवा ताईचा फोन आला. गाडीचे कागद तयार आहेत, फक्त तुझी सही राहिली आहे म्हणाली. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण होईपर्यंत कर्जाच्या कागदावर तुझ्या सहीला काडीची किंमत नव्हती. आता ती आली, म्हणून शोरूमवाला तुला खुर्ची देऊन चहा पाजतोय.

गाडी घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. कॉलेज सुटल्यावर दुकानात वेळेवर पोचायचं तर एसटीच्या भरवशावर जमत नाही, हे मलाही कळतं. पण तू फक्त हप्ता विचारलास. "महिना 3,250, आरामात बसतं," असं ताईला सांगितलंस. पतसंस्थेत वसुलीचं काम करताना हे "बसतं" मी फार ऐकलं आहे.

आता हिशेब बघ. कर्ज 90,000, दर 10 टक्के, मुदत तीन वर्षं. हा दर फ्लॅट आहे. म्हणजे वर्षाला 9,000 प्रमाणे तीन वर्षांचं व्याज 27,000, एकूण 1,17,000, भागिले 36. गोम अशी की वर्षभर हप्ते फेडल्यावर तुझ्याकडे 90,000 येणं उरलेलंच नसतं, व्याज मात्र पुऱ्या 90,000 वर धरलेलं असतं. उतरत्या शिलकेवर मांडलं तर हाच दर 18 टक्क्यांच्या घरात जातो. एखादी बँक 12 टक्के रिड्युसिंग, म्हणजे उतरत्या शिलकेवर, म्हणाली, तर तू दहा बरे म्हणून उठून येशील. तिथे हप्ता 2,990 च्या आसपास बसला असता आणि तीन वर्षांत नऊ हजारांवर वाचले असते. तेव्हा आधी विचार, दर फ्लॅट की रिड्युसिंग? प्रोसेसिंग फी आणि विमा कर्जातच घातलाय का, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हेही विचार. तोंडी उत्तर घेऊ नकोस, कागदावर दाखव म्हण.

पगार तुझा 11,000. घरात देतोस 3,000, पेट्रोल-सर्व्हिसिंगला दोनेक हजार धर, त्यात हा हप्ता. दिवाळी झाली की तुमच्या मालकाचा धंदा बसतो आणि तो पोरं कमी करतो, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हणून आधी तीन महिने 3,250 दर पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाक आणि उरलेल्यात भागवून दाखव. भागलं तर गाडी घे. डाउन पेमेंटला तेवढीच भर. नाही भागलं तर जुनी गाडी बघू, माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे.

गाडीपाठोपाठ क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन येतील. कार्ड वाईट नसतं, पण बिलावरचा 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी एवढं भरा, हा आकडा फार गोड असतो. 20,000 थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर तू भरलेल्या 1,000 मधले 700 व्याजात जातात, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 126. मुद्दल उतरलं फक्त 174. शिवाय थकबाकी असताना नवीन काही घेतलंस, तर त्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज. पूर्ण बिल भरता येत नसेल, तर कार्ड घेऊच नकोस.

आणखी एक, हे ताईला सांगू नकोस. तुझा तो मित्र "तुझ्या नावावर फोन काढू, हप्ते मी भरतो" म्हणतोय असं कानावर आलंय. त्याचा हप्ता चुकला की वसुलीचा फोन तुला येणार, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुझं बिघडणार. जामीन राहा म्हणाला तरी तेच. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ज्याच्याकडून पैसे लवकर निघतील त्याचंच दार वसुलीवाला आधी ठोठावतो. मीही तेच करत होतो. मैत्री राखायची असेल तर परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे हातउसने दे आणि विसर. सही देऊ नकोस. वाटलं तर माझं नाव सांग, मामा ओरडतो म्हणावं.

रविवारी येताना कोटेशन आणि कर्जाचे कागद घेऊन ये, सगळी पानं. बारीक छापलेलं मला आता दिसत नाही, तूच मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
मामा