जुनं सीटीपी घेताना: आधी प्लेट ठरवा, मशीन मग

सीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट काढणारं मशीन. निपाणीच्या भाऊंचा प्रश्न असा: दोनरंगी जीटीओ (हायडेलबर्गचं ऑफसेट छपाईयंत्र) आहे, एक मिनी ऑफसेट आहे, प्लेटा कोल्हापुरातून करून आणतात. मुंबईचा एक डीलर दैनिकातून निघालेलं व्हायोलेट (जांभळ्या लेसरचं) सीटीपी फार स्वस्तात देतोय, दुसऱ्याकडे थर्मल (लेसरच्या उष्णतेवर चालणारं) आहे पण महाग. कुठलं घ्यावं?

व्हायोलेट घेऊ नका. दैनिकांनी ती मशीनं वेगासाठी घेतली होती, तुम्हाला त्या वेगाचा उपयोग नाही. त्या लेसरला सहसा फोटोपॉलिमर प्लेट लागते, ती पिवळ्या उजेडातच हाताळायची, आणि तिचा बाजार आटत चाललाय. 830 नॅनोमीटरच्या थर्मल प्लेटेचं तसं नाही. साध्या दिव्याखाली काम होतं, कोल्हापूर काय नि हुबळी काय, एकाकडे संपली तर दुसऱ्याकडून मागवता येते. तिसरा प्रकार यूव्हीचा, नेहमीच्या पीएस प्लेटेवर (आधीच रसायनाचा थर दिलेल्या साध्या ऑफसेट प्लेटेवर) चालणारा. प्लेट स्वस्त पडते, पण जुनं यूव्ही मशीन लग्नसराईत अंत बघतं.

थर्मलमध्ये सगळा पैसा हेडात, म्हणजे लेसर सोडणाऱ्या भागात असतो. स्क्रीन या जपानी कंपनीच्या प्लेटराइटमध्ये सुटे लेसर डायोड असतात, एखादा गेला तर तेवढाच बदलतात. कोडॅकचं हेड एकसंध. छपाई देखणी, पण गेलं की पूर्ण हेडाचा खर्च. लहान प्रेसला मी पहिलं सुचवेन. मात्र लहानात लहान प्लेट किती मापाची घेतं ते आधी विचारा. प्लेटराइट 4300 ला ठरावीक मापापेक्षा लहान प्लेट चालत नाही. मिनी ऑफसेटच्या प्लेटा मोजून बघा, नाहीतर निम्मं काम पुन्हा बाहेरच.

मशीन चालू असेल तिथंच जाऊन बघा. गोडाऊनमध्ये प्लॅस्टिकखाली गुंडाळलेलं मशीन कितीही चकचकीत असो, त्याला भाव नसतो. पूर्ण आकाराच्या प्लेटेवर 175 लाइनचा (इंचाला ठिपक्यांच्या 175 ओळी) 50 टक्के सपाट टिंट काढायला लावा आणि प्लेट तिरपी धरून बघा. पट्टे दिसले तर हेड किंवा प्लेट गुंडाळणारा ड्रम थकलाय. एकच फाइल चार प्लेटांवर काढून रजिस्टर, म्हणजे चारही एकमेकींवर नेमक्या जुळतात का, ते तपासा. 2 आणि 98 टक्क्यांचे ठिपके भिंगातून दिसायला हवेत. लेसरचे तास आणि एररची यादी स्क्रीनवर उघडायला लावा. टाळाटाळ झाली तर चहा घेऊन परत या.

रिपचं, म्हणजे फाइलचे प्लेटेवरचे ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, विसरू नका. डोंगल (ते चालू करणारी यूएसबी किल्ली) आणि लायसन्स तुमच्या नावावर होणार का, हे कागदावर घ्या. आपल्या भागात एकाच पत्रिकेत श्रीलिपी फाँटातलं मराठी आणि नुडी फाँटातलं कन्नड असतं, वर गणपतीमागं सावली, सोनेरी छटा. निव्वळ पोस्टस्क्रिप्टवर (छपाईच्या जुन्या फाइल-भाषेवर) चालणारा जुना रिप अशा ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे अर्धपारदर्शक छटांवर, अडखळतो. कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे कर्व्ह (आकार) केले तरी सावलीमागं पांढरा चौकोन उमटू शकतो. तुमचीच सगळ्यात किचकट पत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथं प्लेट काढून बघा.

प्रोसेसर (प्लेट डेव्हलप करून धुणारं यंत्र) सोबत घ्यावा, पण रोलर कडक झालेत का, डेव्हलपरचं तापमान स्थिर राहतं का, हे बघूनच. जागा बंदिस्त, धूळ नको, एसी हवा. कॉम्प्रेसरला ड्रायर लावाच, पावसाळ्यात हवेतलं पाणी थेट मशीनमध्ये जातं. हेस्कॉमच्या (आपल्याकडची वीज कंपनी) थ्री-फेज लाइनवर यूपीएस आणि स्वतंत्र अर्थिंगचा खर्च धरा. मशीन हलवताना ड्रम आणि हेड लॉक करणारा इंजिनीअर तुमचा असावा, डीलरचा नव्हे. तोच पुढं कोल्हापूरहून किंवा हुबळीहून येणार असेल तर उत्तम. मुंबईहून माणूस येईपर्यंत प्रेस बंद ठेवणं परवडत नाही.

निपाणी कर्नाटकात आणि माल महाराष्ट्रातून येतोय, म्हणजे बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) लागेल आणि मालवाहतुकीचं ई-वे बिलही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर त्या कराचं क्रेडिट मिळणार नाही, तेवढी रक्कम किमतीत मिळवून मगच तुलना करा. आणि महिन्याला बाहेरून किती प्लेटा करता? आकडा लहान असेल तर बेळगावात कुणाशी तरी दर बांधून घेणं स्वस्त पडेल, हे आमच्या धंद्यातले लोक कबूल करत नाहीत एवढंच.

थर्मलचं मॉडेल, लेसरचे तास आणि रिपचं व्हर्जन कळवा, मग भावाचं बोलू.