एस्प्रेसोसाठी ग्राइंडर कुठला घेऊ? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मशीन घेऊन झालं की मग ग्राइंडरची आठवण होते, जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं आणि माझंही तसंच झालं होतं. आलेल्या प्रश्नांतले सात इथे घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, पैसे मोजकेच असतील तर मशीन साधं घ्या पण ग्राइंडर चांगला घ्या.

प्रश्न (नाशिक): ताई, एस्प्रेसो मशीन घेतलंय, बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवते. कॉफी कधी आंबट पाणचट होते, कधी कडूजहर, आणि कधी एकाच कपात दोन्ही. अजून बारीक फिरवू का? की वेगळा ग्राइंडर लागतोच?

मिक्सर दळत नाही, तो फोडतो. पात्यासमोर जी बी येईल ती फुटते, काही पुन्हा पुन्हा फुटून पीठ होतात आणि काही कडेला राहून जाड रव्यासारख्या राहतात. एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाने गरम पाणी कॉफीच्या थरातून जातं आणि पाणी सोपी वाट शोधणारच, जिथे जाड कणी आहे तिथून ते पटकन निसटतं आणि पिठात अडकून बसतं. निसटलं तिथली कॉफी आंबट, अडकलं तिथली कडू, म्हणून तुम्हाला एकाच कपात दोन्ही लागतंय, तुमची जीभ अगदी बरोबर सांगतेय. अजून फिरवलंत तर पीठ वाढेल, कणी काही पूर्ण जाणार नाही, वर भांडं तापून वास उडेल तो वेगळाच.

बर्र ग्राइंडर म्हणजे आपलं जातंच समजा. दोन दातेरी चकत्या, मध्ये ठरलेली फट, आणि त्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय कण बाहेर पडत नाही. गिरणीवाला भाजणी जराशी भरड आणि पोळीचं पीठ बारीक कसं काढतो, चाक फिरवून दगडांमधली फट कमीजास्त करतो, बस, तेच इथे.

तोपर्यंत काय करायचं? तुमच्या मशीनबरोबर बहुतेक दुहेरी तळाची बास्केट (पूड भरायची धातूची वाटी) आली असेल, आतून खूप भोकं पण खालून बघितलं तर एकच बारीक भोक. ती स्वतःच दाब तयार करते त्यामुळे दळणातल्या चुका बऱ्यापैकी पोटात घालते. ती वापरा, मिक्सरमधली पूड मैद्याच्या चाळणीने चाळून वरची कणी बाजूला काढा (दुधाच्या कॉफीला उकळून चालते ती), लगेच फरक कळेल. खालूनही पूर्ण जाळीदार असलेली एकेरी बास्केट मात्र बर्र ग्राइंडर आल्याशिवाय लावू नका.

प्रश्न (पुणे): बजेट कसंबसं १० हजार. ऑनलाइन ५ हजारांत इलेक्ट्रिक मिळतोय, '३० सेटिंग्ज, फ्रेंच प्रेस ते एस्प्रेसो' असं लिहिलंय. मग हाताने फिरवायचा ग्राइंडर जास्त पैसे देऊन का घ्यायचा? मला लॉजिकच कळत नाहीये.

लॉजिक सांगते, कारण मी हीच चूक केली होती. असाच भरपूर सेटिंग्जवाला इलेक्ट्रिक मी घेतला. दोन नंबरवर लावला की शॉट (म्हणजे एका वेळची एस्प्रेसो) १२ सेकंदांत धो धो बाहेर, एक नंबरवर लावला की मशीन घुरघुरतंय आणि कपात चार थेंब. मला हवं होतं ते या दोन नंबरांच्या मधे कुठेतरी होतं आणि तिथे जायची सोयच नव्हती. तीन महिने मी स्वतःला दोष देत राहिले, टॅम्पिंग (बास्केटमधली पूड दाबून बसवणं) चुकतंय, बिया वाईट आहेत, मशीन वाईट आहे... तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून आता इतकं सविस्तर लिहितेय.

तर सेटिंग्ज किती हे बघूच नका, एका सेटिंगने फट कितीने बदलते ते बघा. फिल्टर, फ्रेंच प्रेस, मोका या सगळ्याला मोठ्या पायऱ्या चालतात. एस्प्रेसोत १८ ग्रॅम कॉफीतून साधारण ३६ ग्रॅम शॉट २५ ते ३० सेकंदांत यावा असं सुरुवातीचं गणित धरतात, आणि तिथे फट केसभर इकडे तिकडे झाली तरी सेकंद धावतात. त्यामुळे पायरी लहानच लागते. हाताच्या ग्राइंडरांत बघा, किंग्राइंडर के६ मध्ये एका क्लिकला, म्हणजे एका पायरीला, १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहेत, वनझेडप्रेसोच्या जेएक्स-प्रोमध्ये १२.५, जे-अल्ट्रामध्ये ८. टाइममोरचा सी२ फिल्टरला फार छान आहे पण एस्प्रेसोला त्याच्या पायऱ्या मोठ्या पडतात, म्हणून त्याच कंपनीचा घ्यायचा तर नावात 'ईएसपी' असलेला सी३ घ्या, तो बारीक पायऱ्यांसाठीच काढलाय.

आणि हाताचाच का, तर त्यात मोटर नाही, गिअर नाही, सर्किट नाही, तुमचे सगळे पैसे स्टीलच्या बर्रमध्ये आणि तो दांडा सरळ धरणाऱ्या बेअरिंगमध्ये जातात. ५ हजारांच्या इलेक्ट्रिकमध्ये तेच पैसे पाच ठिकाणी वाटले जातात आणि बर्रच्या वाट्याला फार थोडे उरतात. तुमच्या बजेटमध्ये मी के६ किंवा सी३ ईएसपी यापैकी जो भारतातल्या विक्रेत्याकडे बिलासकट मिळेल तो घेईन. के६ ला माझा थोडा जास्त कल आहे, कारण त्याचा बर्र ४८ मिलिमीटरचा आहे आणि फट बाहेरच्या रिंगने बदलते, दर वेळी खालचा डबा काढावा लागत नाही. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर धरा, बिया कमी भाजलेल्या (हलका रोस्ट) असतील तर जास्त.

दीड-दोन हजारांचे सिरॅमिक बर्रवाले प्लास्टिकचे हातग्राइंडर मात्र एस्प्रेसोसाठी घेऊ नका. बारीक लावलं की दांडा डुगडुगतो, म्हणजे फट एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त, आणि पाच मिनिटं फिरवून हात भरून येतो ते वेगळंच.

इलेक्ट्रिक आधीच घेऊन बसला असाल तर एक उपाय आहे, मी तोच करून दिवस काढले. दोन नंबरांच्या मधली जागा वजनाने गाठायची. शॉट जास्त वेगाने येतोय तर कॉफी १८ ऐवजी १८.५ किंवा १९ ग्रॅम घ्या (बास्केटमध्ये मावेल तेवढीच), अडकतोय तर १७.५. यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल, आणि तो तसाही प्रत्येकाकडे हवाच, ग्राइंडरनंतरची पहिली खरेदी तीच.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्याकडे मोका पॉट आहे, मशीन नाही. मलाही एस्प्रेसोचाच ग्राइंडर लागेल का?

नाही हो. मोका पॉटचा दाब एस्प्रेसोपेक्षा खूपच कमी, दळणही थोडं भरड लागतं, बारीक रव्याच्या आसपासचं. टाइममोर सी२ पुरेसा आहे, उरलेल्या पैशांच्या चांगल्या ताज्या बिया घ्या.

प्रश्न (डोंबिवली): आईला संधिवात आहे, तिला कॉफी प्रचंड आवडते आणि मी ऑफिसला गेल्यावर ती एकटीच करते. घरात सकाळी चार कप होतात. सगळे हाताचा घ्या म्हणतात, पण तिला कसं जमणार?

नाही जमणार, आणि जमवायला लावूही नका. एस्प्रेसोचं दळण बारीक, त्यामुळे जोर लागतोच, आणि एका हाताने ग्राइंडर घट्ट धरून ठेवावा लागतो त्यात मनगट आणि अंगठा दोन्हीवर ताण येतो. दुखऱ्या सांध्यांना रोज चार वेळा हे करायला लावणं बरोबर नाही.

तुमच्यासाठी दोन रस्ते. पैसे साठवता येत असतील तर इलेक्ट्रिकमध्ये खरी एस्प्रेसो जमणारे ग्राइंडर बराट्झा एन्कोर ईएसपी आणि डीएफ५४ इथपासून सुरू होतात, अमेरिकेत ते २०० ते २३० डॉलरच्या घरात आले होते, इथे आयात होऊन येतात त्यामुळे महाग पडतात. एन्कोर ईएसपीत ४० सेटिंग्ज आहेत, त्यातली १ ते २० एस्प्रेसोसाठी बारीक पायऱ्यांची आणि २१ ते ४० इतर कॉफीसाठी मोठ्या पायऱ्यांची. डीएफ५४ मध्ये ५४ मिलिमीटरच्या सपाट चकत्या आहेत आणि पायऱ्याच नाहीत, रेडिओचं बटण फिरवल्यासारखी फट हवी तिथे थांबवता येते. आईसाठी मी एन्कोर ईएसपी म्हणेन, नंबर लक्षात ठेवला की झालं, चुकून हात लागला तरी परत त्याच नंबरवर आणता येतो.

दुसरा रस्ता, साधा बर्रवाला इलेक्ट्रिक घ्यायचा आणि दुहेरी तळाचीच बास्केट वापरत राहायचं. काही जण याला खरी एस्प्रेसो मानत नाहीत, पण चार कपांत दूध जाणार असेल तर त्याची कॉफी मस्त लागते, आणि आईला एकटीला बटण दाबून मनासारखा कप मिळतोय हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. घाई नसेल तर यानेच सुरुवात करा.

प्रश्न (औरंगाबाद, आता संभाजीनगर): माझी बहीण न्यू जर्सीला असते, डिसेंबरमध्ये येतेय. तिला एन्कोर आणायला सांगू का? तिथे स्वस्त आहे.

थांबा, आधी व्होल्टेज. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिथला ग्राइंडर नुसती पिन बदलून इथे लावला तर जळेल. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके कन्व्हर्टर मोटरला चालत नाहीत, चांगला जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो ओट्यावर जागा अडवतो, आणि बिघडलं तर इथे वॉरंटीसाठी दाद कोणाकडे मागणार? वाचलेले पैसे त्यातच जातात. दुबई किंवा युरोपातून कोणी येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २२०-२४० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागते.

बहिणीला हाताचा ग्राइंडर आणायला सांगा, त्याला विजेचं काही देणंघेणं नाही आणि सामानात सहज मावतो. आणि तरीही एन्कोरच हवा असेल तर नाव नीट कळवा, साधा एन्कोर आणि एन्कोर ईएसपी दिसायला सारखेच पण साधा फिल्टर कॉफीच्या कामाचा आहे, घाईत तोच उचलला जातो.

प्रश्न (रत्नागिरी): ग्राइंडर चांगला घेतलाय, सेटिंगला हात लावत नाही, तरी काल शॉट २८ सेकंदांत आला आणि आज २० मध्ये. पावसाळा सुरू झाल्यापासून जास्तच होतंय. ग्राइंडर खराब आहे का?

ग्राइंडर ठीक आहे. सेटिंगला हात लावत नाही म्हणता ना, तिथेच अडतंय. बिया रोज बदलत असतात. भाजल्यानंतर त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, पाकीट जुनं होत गेलं की शॉट हळूहळू लवकर यायला लागतो आणि दळण एखाद-दोन क्लिक बारीक करावं लागतं. नवीन पाकीट उघडलं की परत पहिल्यापासून. माझा अनुभव, भाजल्याच्या तारखेपासून ८-१० दिवस थांबून उघडलं आणि पुढच्या तीनेक आठवड्यांत संपवलं तर फार त्रास होत नाही. पाकिटावर भाजल्याची तारीखच नसेल तर ते घेऊ नका.

आणि कोकणातला पाऊस, तिथे पापड दहा मिनिटांत वातड होतो तर कॉफी कशी सुटेल. हॉपरमध्ये (ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात) बिया भरून ठेवू नका, शॉटपुरत्या मोजून टाका. अर्धं पाकीट १८-१८ ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका आणि एका वेळी एकच डबा काढा. खालच्या फ्रीजमध्ये मात्र उघडं पाकीट नको, आत-बाहेर करताना पाणी धरतं आणि शेजारच्या लसणाचा वासही.

अजून एक बघा, दोन्ही दिवस पूड सारखी पसरली होती का? गुठळ्या राहिल्या तरी पाणी एका बाजूने निसटतं आणि वेळ कमी येते. ०.३-०.४ मिलिमीटरच्या चार-पाच बारीक सुया बुचात खोचून बास्केटमधली पूड तळापासून ढवळा आणि मग टॅम्प करा. एवढं करूनही २० सेकंदच आले तर मग क्लिक बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं तेच कळत नाही.

प्रश्न (नागपूर): चिखलदऱ्याला गेलो होतो, तिथून कॉफीच्या बिया आणल्या, घरीच कढईत भाजल्या. हाताच्या ग्राइंडरमध्ये टाकल्या तर मधेच अडकतो, हँडल हलतच नाही. आणि साफ करायला कच्चे तांदूळ दळायचे म्हणतात ते खरं का?

चिखलदऱ्याची कॉफी आपल्या राज्यातली म्हणून मला तिचं फार कौतुक आहे, त्यामुळे प्रश्न वाचून बरं वाटलं. पण आधी ते हँडल जोर लावून फिरवू नका. उलटं फिरवून सोडवा, बिया ओतून काढा आणि बघा. सुट्या आणलेल्या बियांत खडा असू शकतो, आणि एक खडा बर्रचे दाते कायमचे घालवतो. आपण तांदूळ निवडतो तसं ताटात पसरून निवडा, दर वेळी. खडा नसेल तर मग कढईत काही बिया कच्च्या राहिल्यात, कॉफी जितकी कमी भाजलेली तितकी बी टणक, एस्प्रेसोच्या बारीक फटीत ती अडकणारच. निवडताना फिकट रंगाच्या त्याही बाजूला काढा. ग्राइंडर आडवा-तिरका धरून फिरवला तर बिया हळूहळू आत जातात आणि हँडल हलकं चालतं, तेही करून बघा.

तांदूळ नको. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कठीण असतो, दात्यांवर आणि मोटर असेल तर मोटरवर जोर येतो, आणि त्याची पिठी आतच चिकटून राहते. पाण्याने धुवायचाही नाही, स्टीलचे बर्र गंजतात. आठवड्यातून एकदा उघडून कोरड्या ब्रशने झाडा, कोपऱ्यातलं तेलकट सुक्या फडक्याने पुसा. जोडताना आतली छोटी स्प्रिंग आणि वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.