भेटीच्या दिवसाची संध्याकाळ

प्रिय,

पुढच्या आठवड्यात तू सुधारगृहात समुपदेशक म्हणून रुजू होतोयस. अभ्यासक्रमातलं सगळं तुला येतंच. हातून निसटतं तेवढंच लिहितो.

भेटीच्या दिवशी संध्याकाळी थांबत जा. सकाळपासून मुलं केस विंचरून दाराकडे कान लावून असतात. ज्याच्याकडे कुणीच आलं नाही, तो जेवताना ताट भिरकावतो, नाहीतर शेजारच्याला आईवरून शिवी हासडतो. नोंदवहीत शेरा पडतो, 'उद्धट वर्तन', आणि शिक्षा काय, तर पुढची भेट बंद! कोठडीतल्या अल्पवयीनांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये केलेले नियम, ज्यांना हवाना नियम म्हणतात, ते जवळ ठेव. घरच्यांशी संपर्क तोडणं, एकांतकोठडी, जेवण कमी करणं, यातलं काहीही शिक्षा म्हणून चालत नाही असं त्यात स्पष्ट आहे. भेट शक्यतो आठवड्याला, निदान महिन्याला तरी एक. वरिष्ठांशी आवाज न चढवता वाद घालायला हे फार कामाला येतं.

घरचे येत नसतील तर आधी कारण काढ. प्रवासाचे पैसे, बुडणारी मजुरी, शेजाऱ्यांची लाज. राग असतो, पण आपण धरून चालतो तितका नाही. आई नाही तर आजी, मावशी, जुन्या शाळेतले सर, ज्याचं नाव मुलगा स्वतःहून घेतो ते माणूस गाठ.

पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे. जीव देण्याचा विचार तेव्हाच जास्त येतो, आणि गप्प मूल 'शहाणं' म्हणून दुर्लक्षित राहतं. त्याला गुन्ह्याबद्दल विचारू नकोस, झोप लागते का ते विचार. उद्या येतो म्हणालास तर जा; जमणार नसेल तर निरोप तरी पाठव. या मुलांना मोठ्यांनी दिलेल्या शब्दांचा अनुभव चांगला नसतो.

आणि सुटका जवळ आली की नीट वागणारा मुलगाही बिघडतो. बाहेर जायची भीती वाटते, हे तो कबूल करणार नाही. कुठे राहणार, कुणासोबत, शाळा की काम, हे आधीच बोलून ठेव. त्याच्या शिक्षणाच्या प्रमाणपत्रावर संस्थेचा उल्लेख असू नये, हेही त्याच नियमांत आहे. कार्यालयातल्या कारकुनाला छपाईच्या आधीच गाठ, नंतर दुरुस्ती करून घेणं म्हणजे हेलपाटे.

तुझा,
दादा